पॅकिंगचा फोरमन

आमच्या खात्यात फोरमन आले त्या दिवशी त्यांनी कोणाला नमस्कार केला नाही. सरळ बाकापाशी गेले आणि बाक हलवून पाहिला. मग स्टूल, मग डॉक्टरबाईंचं टेबल, मग पेशंटचं स्ट्रेचर. जे डुगडुगत होतं त्याच्या पायाखाली खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून सारला. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे पुठ्ठे ठेवायचे. जाड, पातळ, दुमडलेले, सगळ्या मापांचे. शेवटी माझ्यापाशी आले आणि विचारलं, "बाई, इथं अजून काय काय हलतं?"

मी म्हटलं, "पेशंट हलतात."

"मग बरोबर ठिकाणी आलो," म्हणाले.

हे ठाण्यातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल. तळघरात कॅन्सरला शेक द्यायचं मशीन होतं. शेक म्हणजे गरम पाण्याच्या पिशवीचा नव्हे, किरणांचा. पण सगळे शेकच म्हणायचे, मीही म्हणते. मी तिथं आया होते. राहायला वर्तकनगरला, शिक्षण चौथी. पेशंटला टेबलावर चढवायचं, उतरवायचं, भांडं द्यायचं, रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढायचं, हे माझं काम. फोरमन सुताराच्या जागेवर लागले. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते एका काचेच्या कारखान्यात पॅकिंगला होते. बाटल्या, बरण्या, कंदिलाच्या काचा पेंढ्यात भरून खोक्यात घालायच्या. खोकं कुठंही गेलं तरी आतलं फुटता कामा नये. ऐंशी सालानंतर ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद पडायला लागले, त्यात तोही गेला. कारखाना गेला, फोरमन हे नाव तेवढं त्यांच्याबरोबर आलं.

एकदा कसारा घाटात ट्रक उलटला आणि त्यांनी भरलेल्या खोक्यांतली एकही बरणी फुटली नाही, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. एकदा कंटाळून मी विचारलं, ड्रायव्हरचं काय झालं? तर म्हणाले, "हात मोडला. त्याला कोणी नीट भरलं नव्हतं."

माणसं ते काचेवरून ओळखायचे. मी बरणी. का, तर बूड जाड, पडली तरी घरंगळेल, फुटणार नाही. मला ते बरणीबाईच म्हणायचे आणि मला राग यायचा, पण दुसऱ्यांची नावं ऐकली की माझंच नाव बरं वाटायचं. कॅशियर सोड्याची बाटली. डॉक्टरबाई थर्मामीटर, हे अर्थात त्यांच्या माघारी. पेशंटना तर ते सरळ माल म्हणायचे. "आजचा माल किती?" असं सकाळी विचारायचे. नातेवाइकांनी तक्रार केली, डॉक्टरबाईंनी झापलं, पण सवय गेली नाही. फार तर माल हा शब्द हळू म्हणायला लागले.

डोंबिवलीला राहायचे. एकदा हळदीकुंकवाला मी त्यांच्या घरी गेले होते. फडताळात ताटं उभी लावलेली आणि प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी. भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे बुचं. कपाट उघडलं तरी आवाज नाही, बंद केलं तरी नाही. त्यांची बायको वाण देता देता म्हणाली, "यांच्या घरात एक भांडं वाजत नाही हो. मग काय, मलाच वाजावं लागतं." फोरमन तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली, जसं काही तिने स्तुतीच केली.

कुठलंही भांडण झालं की ते एकच विचारायचे, "फट कुठाय?" त्यांच्या मते माल दोन कारणांनी फुटतो. बोटभर फट राहिली तर हलून फुटतो आणि फटच ठेवली नाही तर दाबून फुटतो. माझं आणि सासूचं तेव्हा रोजचं होतं. मी एकदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एका खोलीत दोघी घट्ट बसल्यात, मधे पेंढा नाही. तुमच्या दोघींच्या अंथरुणांच्या मधे कपाट घाला. घातलं. निम्मी भांडणं थांबली. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण तसं झालं.

आता मशीनचं सांगते. छातीच्या पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं. हात डोक्याच्या वर, कारण खाली ठेवले तर आड येतात. छातीवर शाईच्या तीन खुणा केलेल्या असायच्या, त्यांवर मशीनचा उजेड बरोबर पडेपर्यंत पेशंटला ढकलून, ओढून सारखं करायचं. मग आम्ही सगळे बाहेर, जाड दार बंद, पेशंट आत एकटा. मशीन चालायचं थोडा वेळ, पण मांडामांड धरून वीस मिनिटं तरी जायची. तेवढ्यात तो बोटभर सरकला तर शेक गाठीला लागायचा सोडून चांगल्या जागेला लागणार. पेशंट सरकू नये म्हणून आमच्याकडे काय होतं? दोन उशा, वाळूच्या पिशव्या आणि टेक्निशियनचं ओरडणं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'हलू नये' असं लिहिलं होतं. उताण्या माणसाला ते दिसतही नव्हतं.

फोरमननी आठ दिवस नुसतं बघितलं. मग एका दुपारी पेशंट संपल्यावर स्वतः टेबलावर हात वर करून झोपले आणि मला घड्याळाकडे बघायला सांगितलं. वीस मिनिटं झाल्यावर उठले, तर हात खाली येईनात. तसेच हात वर धरून म्हणाले, "कोणी मुद्दाम हलत नाही, बरणीबाई. माकडहाड टोचतं, कोपर लोंबतं, मान मागे पडते. मग हाडच माणसाला हलवतं. तुमचं भरणं चुकलंय."

त्या दिवसापासून त्यांनी नियम काढला, जो पेशंटला झोपवणार त्याने आधी स्वतः वीस मिनिटं झोपायचं. मला सातव्या मिनिटाला मुंग्या आल्या. टेक्निशियन दहाव्या मिनिटाला उठला आणि पुन्हा पेशंटवर ओरडला नाही. मग फोरमन डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मॅडम, झोपा." बाई कडक. एवढ्यात काय होतंय, असं दाखवायलाच त्या झोपल्या. अकराव्या मिनिटाला त्यांचं कोपर हललं. फोरमन म्हणाले, "हललात." बाई खाली उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्लायवुडच्या मागणीवर त्यांची सही झालेली होती.

पेशंटला भरायची पेटी काही एकदम जमली नाही. आधी त्यांनी गोणपाटात पेंढा भरला, पेशंट खाजवून हैराण. मग प्लॅस्टर केलं. टिटवाळ्याचे एक शाळामास्तर त्यात असे अडकले की कात्रीने कापून बाहेर काढावे लागले. वर ते बिचारे फोरमनचेच आभार मानून गेले. शेवटी डॉक्टरबाईंनी परदेशी पुस्तकातलं एक चित्र दाखवलं आणि फोरमननी त्यावरून स्वतःची केली. खाली लाकडाची उथळ पेटी. तीत रेक्झिनची पिशवी, पिशवीत थर्माकोलचे दाणे. पेशंटला त्यावर झोपवायचं, पाठीखाली, मानेखाली, कोपरांखाली दाणे दाबून भरायचे आणि जुन्या फ्रिजच्या पंपाने पिशवीतली हवा ओढून घ्यायची. पिशवी दगडासारखी व्हायची आणि त्या माणसाची पाठ तीत उमटून राहायची. अशा पिशव्या त्यांनी चार-पाच केल्या, शेक संपेपर्यंत एक पिशवी एकाचीच; रोज तो आपल्याच खड्ड्यात येऊन झोपणार. हात धरायला वर दांडा, दांड्याला नंबरची भोकं. टेबलाच्या कडेला त्यांनी खाचा केल्या, म्हणजे पेटीही रोज त्याच जागी बसायची.

डॉक्टरबाईंना पेटी आवडली, पण आराम म्हणून. त्या म्हणायच्या, आपण चालणार छातीवरच्या खुणांवर. फोरमन म्हणायचे, खूण म्हणजे लेबल आणि लेबल बघून कोणी खोकं भरत नाही. यावरून दोघांचं दोनेक वर्षं तरी चाललं होतं. कोणीच मागे हटेना.

आणि मग माझा धाकटा भाऊ आला.

तो मोहन्याला राहायचा. तरुणपणी मंडळाकडून कबड्डी खेळायचा, चढाईला एकदम पुढे. नंतर खेळ सुटला, बिडी सुटली नाही. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मीच त्याला धरून आणलं. उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली, पाठीच्या कण्याला जवळ. ऑपरेशन होणार नाही, असं मुंबईला सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मला खोलीत बसवून दोन रस्ते सांगितले. पहिला, थोडे दिवस शेक. रक्त थांबेल, खोकला कमी होईल, गाठ राहील. दुसरा, सहा आठवडे पुरा शेक. गाठ मरू शकते. "पण मावशी, गाठ कण्याशेजारी आहे. एवढा शेक कण्याला लागला तर पाय जातील. जागा रोज तीच मिळाली तरच मी पुरा देईन. आणि याचा खोकला बघता मला भरवसा वाटत नाही."

मी म्हटलं पुरा द्या. त्या म्हणाल्या, तुमच्या म्हणण्यावर देता येत नाही.

फोरमननी भावाला उभं करून बघितलं, पाठीवर बोटाच्या पेराने ठोकलं, खोकायला लावलं. "कंदिलाची काच," म्हणाले. मग डॉक्टरबाईंनी त्यांना एक्स-रेच्या पडद्यावर दाखवलं, श्वासाबरोबर ती गाठ दोन बोटं वर-खाली जात होती. फोरमननी पडद्याला नाक लावून बघितलं. "हा माल आतून हलतो," म्हणाले, "असा मी कधी भरला नाही." हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं.

दोन दिवस ते फळ्या कापत आणि घासत बसले. तिसऱ्या दिवशी तळहातापेक्षा थोडी मोठी, कडा घासलेली एक फळी घेऊन आले. पेटीला छातीच्या बाजूने उतार दिला, म्हणजे भावाचा खोकला कमी व्हावा. फळी त्याच्या पोटावर, बरगड्यांच्या खाली ठेवली, वरून कॅनव्हासचा पट्टा घेऊन पेटीच्या भोकात अडकवला. पोट फुगायला जागा कमी, म्हणून छातीही कमी हलणार. भाऊ घाबरला, म्हणाला जीव कोंडतो. फोरमननी त्याला विचारलं, "चढाईला दम कसा धरायचास?"

भावाने दाखवलं. पोट आत, श्वास बारीक, एकसारखा.

"तस्साच धर. फक्त पळू नको."

मग ते त्याच्या उशाशी बसून हळूहळू कबड्डी कबड्डी म्हणायला लागले आणि भाऊ मनात म्हणत श्वास घ्यायला लागला. टेक्निशियन हसत होता. पडद्यावर बघितलं तर दोन बोटांची गाठ आता नखभर हलत होती. डॉक्टरबाईंनी दोनदा बघितलं आणि कागदावर सहा आठवडे लिहिलं. त्याला पेटीसकट मुंबईच्या मोठ्या मशीनवर नेऊन छातीवर खुणा करून आणल्या आणि पहिल्या शेकाच्या दिवशी आमच्या मशीनखाली पेटीत झोपवून एक फोटो काढून ठेवला.

भाऊ माझ्याकडे वर्तकनगरला राहिला. तीन आठवडे सुरळीत गेले. रक्त थांबलं, तो जेवायला लागला. मग दिवाळी आली आणि खातं चार दिवस बंद. डॉक्टरबाईंनी बजावलं, चार दिवस चालतील, त्यापुढे एक दिवसही नको. मधे खंड पडला की अर्धमेली गाठ पुन्हा उठते.

भाऊबीजेला भावाला बहिणीने तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, ही आमच्याकडे रीत. मी लहानपणापासून कधी चुकवली नव्हती आणि त्या वर्षी तर मुळीच चुकवणार नव्हते. खुणांचं मला भान होतं. पेशंटच्या बायकांना 'खुणांना पाणी लावू नका' म्हणून मीच ओरडायचे. म्हणून मी तिन्ही खुणांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि बाकीच्या अंगाला तेल चोळलं. आपण किती शहाण्या, असंही वाटलं. आंघोळ झाली, अंग पुसलं आणि पट्ट्या काढल्या. तेल पट्ट्यांखाली शिरलं होतं. खुणा पट्ट्यांना चिकटून आल्या. छाती लख्ख.

भाऊ म्हणाला, "ताई, पेनाने काढ ना परत. तुला माहिती आहेत जागा."

घरात स्केचपेन होतं. मी ते हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. बोटभर चुकलं तर काय होतं ते मला माहीत होतं. औक्षण केलं, पण एक घास खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना जे केलं ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, मावशी, तुम्ही? मग त्यांनी हिशेब सांगितला. खुणा नव्याने करायच्या तर मुंबईच्या मोठ्या मशीनवर पाठवायला हवं, तिथं तीन आठवडे नंबर लागत नाही. तोवर केलेलं सगळं वाया. नाहीतर इथंच थांबायचं, झाला तेवढा शेक झाला.

फोरमन दारात उभे होते. म्हणाले, "पेटीत घाला आणि एक फोटो काढा."

"अंदाजाने कण्याजवळ शेक देणार नाही मी."

"अंदाज कुठला, मॅडम? हाताला बारावं भोक, पट्ट्याला सहावं, टेबलाला तिसरी खाच. लेबल गेलं म्हणून माल हरवतो का? त्याच्या छातीकडे बघूच नका तुम्ही. फोटो पहिल्या फोटोवर ठेवा. नाही जुळला तर पेटी मी सरपणाला नेतो आणि याला मुंबईला मीच घेऊन जातो, नंबर लागेपर्यंत दारात बसतो."

बाई पेटीपाशी गेल्या. "पिशवी तरी तशी राहिली का? चार दिवस झालेत."

फोरमननी पिशवीवर पेर आपटलं. टणक आवाज आला. नंतर वॉचमनने मला सांगितलं, दिवाळीचे चारही दिवस हा माणूस डोंबिवलीहून यायचा, तळघर उघडायला लावायचा, ठोकून बघायचा आणि हवा शिरलीय असं वाटलं की पंप लावायचा. आम्ही लक्ष्मीपूजन करत होतो तेव्हा ते पिशवी ठोकत होते.

भावाला पेटीत घातलं. फोरमननी टेक्निशियनला हात लावू दिला नाही. दांडा, पट्टा, फळी, खाच. मग भावाच्या खांद्याखाली, कमरेखाली, कोपराखाली एकेक बोट घालून पाहिलं. कुठंच बोट गेलं नाही. "बसला," म्हणाले. मशीनच्या उजेडाखाली माझ्या भावाची कोरी छाती होती. दार बंद झालं. फोटो निघाला.

फोटो धुवायला गेला तो वेळ मी बाकावर बसून काढला. मी काही नवस बोलले नाही. चूक माझी, देवाला कशाला मधे घालायचं?

डॉक्टरबाईंनी फिल्म वाळायची वाट पाहिली नाही. पाणी निथळत होतं तशीच ती उजेडाच्या काचेवर पहिल्या फिल्मवर ठेवली. चौकटीला चौकट लावली. मला त्यातलं काही कळत नाही, पण हाडं कळतात. दोन फिल्म होत्या आणि हाडं एकाच माणसाची, एकदाच दिसत होती. कणा कण्यावर, गळ्याचं हाड गळ्याच्या हाडावर. बाईंनी पट्टी ठेवून तीन ठिकाणी मोजलं. मग पट्टी खिशात टाकली, शाईचा ब्रश घेऊन आत गेल्या आणि उजेड पडला होता तिथं स्वतःच्या हाताने तीन खुणा केल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "फोरमन, आजपासून प्रत्येकाच्या फाइलीत आधी भोकांचे नंबर लिहायचे. खुणा नंतर."

दोन वर्षं हट्टाने भांडलेला माणूस जिंकला होता. त्याने निदान हसावं की नाही? ते म्हणाले, "लिहू. आधी याला शेक द्या, तो दम धरून बसलाय."

पुढे मुंबईहून मोठे डॉक्टर पेटी बघायला आले. फोरमननी त्यांना माहिती देण्याआधी एकेकाला वीस मिनिटं झोपवलं. कोट काढून, हात वर करून. एकही टिकला नाही. नंतर तशा तीन पेट्या मागवल्या गेल्या आणि फोरमननी त्या पेट्यांचंही पॅकिंग स्वतः केलं. भावाची गाठ तीन महिन्यांनी फोटोत दिसली नाही, तिथं नुसता एक पांढरा वण होता. तो त्यानंतर सतरा वर्षं जगला. मोहन्याच्या मैदानावर पंच म्हणून उभा राहून पोरांवर ओरडायचा. आणि गेला तो फुप्फुसाने नाही.

पण मला त्याच्या शेवटच्या शेकाचा दिवस आठवतो. तो टेबलावरून उतरला, शर्ट घातला आणि पेटीपाशी उभा राहिला. पिशवीत त्याची पाठ होती, खांदे होते, कोपरांचे दोन खळगे होते. फोरमननी नळीचं बूच काढलं. फुस्स झालं, आणि बघता बघता पाठ, खांदे, सगळं सपाट.

भाऊ म्हणाला, "अहो फोरमन, ठेवायची होती. घरी नेली असती."

फोरमन पिशवी झटकत होते. "माल पोचला की पेटी फोडतात," म्हणाले. "जा घरी."

बाहेर बाकावर उल्हासनगरची एक बाई नवऱ्याला घेऊन सकाळपासून बसली होती. मी पिशवीचं दुसरं टोक धरलं, दोघांनी मिळून दाणे सारखे केले, आणि मी दारात जाऊन तिच्या नवऱ्याला आत बोलावलं.